मालवणातून निघालेली वाट : महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ते आघारकर संशोधन संस्था

पुण्यात रिक्षावाल्याला ‘आघारकर इन्स्टिट्यूट’ म्हटलं की तो हमखास विचारतो, “आगरकर रोडला ना?” त्याचं चुकत नाही. संस्था आहे गोपाळ गणेश आगरकर मार्गावरच, म्हणजे जुन्या लोकांच्या लॉ कॉलेज रस्त्यावर, भांडारकर प्राच्यविद्या संस्थेच्या शेजारात. पण रस्त्याचे आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, ‘सुधारक’कार. संस्थेचे आघारकर आमच्या मालवणचे, वनस्पतिशास्त्रज्ञ. एका ‘घ’ने केवढा घोटाळा होतो! पत्रव्यवहारात, वर्तमानपत्रात, अगदी सभेतल्या निवेदनातही हा ‘घ’ गळतो. या स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास लिहायला घेताना पहिलं काम म्हणून तो ‘घ’ जागेवर बसवतो आहे.

बीज : १८८४ ते १९४५

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवणला झाला. तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होतं. सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा व्हायला १ मे १९८१ उजाडावा लागला. ‘सिंधुदुर्गाचे सुपुत्र’ अशी बिरुदावली त्यांना लावताना आपण थोडा इतिहास मागे ढकलतो, पण गावावरचा आमचा हक्क काही जात नाही.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते तिथेच जीवशास्त्राचे अध्यापक झाले. सुट्टी लागली की सह्याद्रीत भटकायचं, नमुने गोळा करायचे, असा त्यांचा क्रम होता. याच भटकंतीत त्यांना घाटमाथ्यावरच्या गोड्या पाण्यात जेलीफिश सापडला. समुद्राकाठच्या माणसाला जेलीफिशचं काय कौतुक? पावसाळ्याआधी रापणीच्या जाळ्यात तो ढिगाने येतो आणि रापणकर शिव्या घालत त्याला परत पाण्यात फेकतात. पण हा होता नदीतला, नखाएवढा. त्याचे भाऊबंद तोवर माहीत होते ते आफ्रिकेत, टांगानिका सरोवरासारख्या पाण्यांत. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधले नेल्सन अॅनंडेल यांनी १९१२ च्या सुमारास त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि ‘लिम्नोक्निडा इंडिका’ हे नाव रूढ झालं. आफ्रिकेतल्या तळ्यात आणि सह्याद्रीतल्या नदीत एकाच कुळीचा प्राणी, मधे सगळा अरबी समुद्र! मग हा आला कुठून? आघारकरांच्या पुढच्या कामातही हाच प्रश्न वेश बदलून येत राहिलेला दिसतो.

१९१४ मध्ये सर आशुतोष मुखर्जींनी कलकत्ता विद्यापीठात विज्ञान महाविद्यालय उभं केलं. रासबिहारी घोष यांच्या देणगीतून जी अध्यासनं निघाली, त्यातलं वनस्पतिशास्त्राचं आघारकरांकडे आलं. प्राणी शोधून नाव कमावलेला माणूस वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक झाला, याचं आज नवल वाटतं. तेव्हा शास्त्रांमधली कुंपणं इतकी उंच नव्हती. पुढच्या अभ्यासासाठी ते जर्मनीला गेले आणि महायुद्ध पेटलं. ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना तिथे स्थानबद्धता भोगावी लागली. त्याच विद्यापीठातले भौतिकीचे देवेंद्रमोहन बोसही बर्लिनला अडकून पडले होते. युद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आघारकर परतले. गुरू होते थोर वनस्पतिशास्त्रज्ञ अॅडॉल्फ एंग्लर. प्रबंधाचा विषय होता वायव्य भारतातल्या रुक्ष आणि खारट जमिनींवरच्या वनस्पती, त्यांचा प्रसार आणि त्यांचं मूळ. म्हणजे पुन्हा तेच : हे इथे आलं कुठून?

कलकत्त्यात त्यांची उमेदीची तीन दशकं गेली. त्याच शहरात महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये लोकवर्गणीतून काढलेली ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ होती. चंद्रशेखर वेंकट रामन नोकरी सांभाळून तिथे प्रयोग करत, आणि १९२८ चा तो जगप्रसिद्ध शोधही तिथेच लागला. सरकारी खात्याबाहेर, समाजाच्या आधारावर विज्ञान उभं राहू शकतं, याचा हा पुरावा आघारकरांच्या डोळ्यांसमोर होता.

१९४६ ते १९६० : रोवणी

१९४६ मध्ये आघारकर निवृत्त होऊन महाराष्ट्रात परतले. वय साठीच्या पुढे. इतर लोक या वयात बागेत पेरूची कलमं लावतात. यांनी त्याच वर्षी पुण्यातले शास्त्रज्ञ आणि विचारी नागरिक यांना एकत्र करून ‘महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ स्थापन केली. मराठीत ‘महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी’. इंग्रजी नावावर कलकत्त्याची छाप उघड आहे. मराठी नाव अधिक गोड आहे खरं, पण त्यात एक गोष्ट हरवली. ‘कल्टिव्हेशन’ म्हणजे मशागत. ही मशागत संस्थेने पुढे इतकी शब्दशः घेतली की बारामती तालुक्यात होळ इथे तिचं शेत आहे आणि तिची आद्याक्षरं, ‘एमएसीएस’, आज शास्त्रज्ञांपेक्षा बियाण्यांच्या दुकानदारांना जास्त ठाऊक आहेत.

ही विद्यापीठाची शाखा नव्हती आणि सरकारचं खातंही नव्हतं. त्यामुळे सुरुवातीची वर्षं ओढाताणीची गेली. जागा अपुरी, उपकरणं मोजकी आणि हाताशी माणसं त्याहून मोजकी. कोण कुठल्या खोलीत बसायचं यावरून रुसवेफुगवे झाले नसतील असं नाही. पण चार जाणती माणसं एका छपराखाली आली की ते व्हायचंच, आणि ऐंशी वर्षांनी ते उगाळण्यात हशील नाही. महत्त्वाचं हे की काम थांबलं नाही.

या कामाची एक चुणूक सांगण्यासारखी आहे. डॉ. ग. बा. देवडीकर आणि त्यांचे सहकारी यांनी भारतीय मधमाश्यांच्या पेशींमधल्या गुणसूत्रांचा अभ्यास हाती घेतला. त्यावरचा निबंध १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. आग्या, फुलोरी आणि सातेरी या आपल्या माश्या. (सातेरी म्हटलं की आम्हा तळकोकणातल्या माणसांचे हात आधी देवीला जोडले जातात, मग मधाला.) पोळ्याभोवती धूर करून मध काढणाऱ्या देशात त्या माशीच्या पेशीत डोकावायचं कुणाला सुचावं, हे या संस्थेच्या घडणीला साजेसंच होतं. रानातला जीव आणायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि पुन्हा रानात जायचं. पेशीविज्ञान आणि परिसरविज्ञान अशी दोन दालनं तेव्हा वेगळी नव्हती.

२ सप्टेंबर १९६० रोजी आघारकरांचं निधन झालं. संस्थेचं वय चौदा होतं.

१९६१ ते १९७० : घर सावरलं

संस्थापक गेल्यावर अनेक संस्था एक तर मठ होतात किंवा मोडतात. इथे दोन्ही झालं नाही. धुरा देवडीकरांकडे आली. त्यांच्या काळात गव्हाच्या पैदाशीचं आणि पेशी-आनुवंशिकीचं काम रुजलं. प्रा. मा. ना. कामत यांच्याभोवती कवकशास्त्राची एक शाळाच उभी राहिली. पश्चिम भारतातल्या कवकशास्त्राचे आद्य अभ्यासक प्रा. आजरेकर यांच्या नावाने कवकांचा नमुनासंग्रह सुरू झाला. पानांवरचे ठिपके, खोडांवरची भुकटी, कुजक्या फांदीवरचे काळे कण, असलं सगळं पाकिटात घालून, नाव, गाव, तारीख लिहून ठेवायचं. बघणाऱ्याला केराची टोपली वाटावी. पण पिकावर नवा रोग आला की पहिली धाव याच पाकिटांकडे घ्यावी लागते.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि सीमेपलीकडचं रान अभ्यासकांना खुलं झालं. संस्थेचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक यांनी तिथे पायपीट करून गोमंतकातल्या वनस्पतींची सूची तयार केली. १९६६ मध्ये विज्ञानवर्धिनीने ती प्रकाशित केली. तेरेखोलच्या अलीकडचं आणि पलीकडचं रान एकच आहे, त्यामुळे सिंधुदुर्गात झाडं ओळखायला निघालेल्याच्याही ती उपयोगी पडते.

१९७१ ते १९८० : देवाची राई आणि दगडावरचं फूल

हे दशक मला या सगळ्या इतिहासात सर्वांत लोभस वाटतं. १९७१ मध्ये हार्वर्डहून डॉक्टरेट घेऊन आलेले तरुण माधव गाडगीळ पुण्यात परतले आणि बंगळूरला जाण्यापूर्वी दोनेक वर्षं त्यांनी इथे काम केलं. त्यांचं शिक्षण गणिती परिसरविज्ञानाचं आणि इथे गाठ पडली वर्तकांशी, ज्यांना झाड पानावरून ओळखता येई. दोघांनी मिळून देवराया पालथ्या घातल्या. १९७६ मध्ये ‘इकॉनॉमिक बॉटनी’ या नियतकालिकात पश्चिम घाटातल्या देवरायांवर त्यांचा निबंध आला.

आमच्याकडे रवळनाथाच्या, सातेरीच्या, वेतोबाच्या राईतली सुकी काटकीही उचलायला माणूस कचरतो. “देवाचा हा, हात लावू नको,” एवढं आजीने म्हटलं की विषय संपे. या भीतीच्या पोटात काय राखलं गेलं आहे, हे या दोघांनी मोजून मांडलं : आजूबाजूचे डोंगर बोडके झाले तरी राईत मूळच्या जंगलाचा तुकडा शिल्लक राहतो, दुर्मीळ वेली आणि जुने वृक्ष तिथे तग धरतात, झऱ्याला पाणी राहतं. देवस्थानाच्या कारभाराकडे परिसरविज्ञानाच्या नजरेने पाहण्याची ही सुरुवात होती. पुढे गाडगीळांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचा किनाऱ्यासह स्वतंत्र विचार करायलाही त्या समितीला सांगितलं होतं. त्या अहवालावरून आमच्या जिल्ह्यात जे रण माजलं ते या स्मरणिकेचा विषय नाही. पण त्या वाटेवरचं एक महत्त्वाचं ठाणं आगरकर मार्गावर होतं, हे नोंदवलं पाहिजे.

याच काळात डॉ. प्र. गो. पटवर्धन यांनी दगडफुलांच्या अभ्यासाचा पाया घातला. दगडफूल म्हणजे मालवणी मसाल्यातलं तेच, काळपट, चुरगळलेलं, भाजल्यावर घमघमणारं. ते फूल नव्हे आणि एक वनस्पतीही नव्हे. कवक आणि शैवाल यांचा तो संसार आहे. कवक घर देतं, शैवाल उन्हातून अन्न शिजवतं. हवा बिघडली की हा संसार आधी मोडतो, म्हणून शहराच्या हवेची तब्येत झाडांच्या सालीवरून वाचता येते. पटवर्धनांनंतर डॉ. ऊर्मिला मखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम पुढे नेलं आणि सह्याद्रीतल्या अनेक नव्या जाती जगापुढे आणल्या.

१९८१ ते १९९० : धातू खाणारे जीव

आता संस्थेत सूक्ष्मजीवशास्त्राला बहर आला. डॉ. अ. द. आगटे यांच्याभोवतीच्या गटाने खनिजांवर काम करणारे जिवाणू अभ्यासले. लोह आणि गंधक यांच्यावर जगणारे काही जिवाणू कमी प्रतीच्या खनिजातला धातू विरघळवून पाण्यात आणतात. भट्टी नको, धूर नको. रेडीच्या खाणींची लाल माती पावसात समुद्राला मिळताना पाहिलेल्यांना या कल्पनेचं अप्रूप वेगळं सांगायला नको. जीवशास्त्राच्या संस्थेत अभियांत्रिकीचं पहिलं पाऊल पडलं ते असं, जिवाणूच्या पाठीवरून. पुढे सांडपाण्यातले धातू शोषून घ्यायलाही सूक्ष्मजीवच कामाला लावण्याचे प्रयोग झाले.

साठच्या दशकाच्या अखेरीस देशात सोयाबीनचा समन्वित प्रकल्प सुरू झाला होता. ते पीक संस्थेने हाती घेतलं होतंच; या दशकात तिची वाणं शेतकऱ्यांच्या तोंडी रुळू लागली.

१९९१ ते २००० : नाव बदललं

१९९२ मध्ये संस्थेचं नाव ‘आघारकर संशोधन संस्था’ झालं. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या अनुदानावर चालणारी स्वायत्त संस्था हे तिचं रूप आता पक्कं झालं होतं. मूळची विज्ञानवर्धिनी ही मातृसंस्था कायम राहिली, आणि वाणांच्या नावांतली ‘एमएसीएस’ ही अक्षरंही. १९९१ चा ‘एमएसीएस २४९६’ हा गहू दख्खनच्या शेतकऱ्याला चांगला परिचयाचा झाला. भाताशिवाय ज्याचं पान हलत नाही अशा मालवणात जन्मलेल्या माणसाची संस्था गव्हासाठी ओळखली जावी, ही नियतीची थट्टा आम्ही आनंदाने सहन करतो. १९९६ मध्ये संस्थेने पन्नाशी ओलांडली.

२००१ ते २०१० : नॅनोकण आणि हायड्रा

सूक्ष्मजीव आणि धातू यांच्या अभ्यासातूनच डॉ. किशोर पाकणीकर आणि त्यांचा गट नॅनोविज्ञानाकडे वळला. चांदीत जंतू मारण्याचा गुण आहे, हे चांदीच्या भांड्यात पाणी ठेवणाऱ्यांना जुनंच. पण चांदीचे कण अतिसूक्ष्म केले तर थोड्या चांदीत तेच काम होतं. भाजलेल्या जखमांवर लावायची जेल या तत्त्वावर तयार झाली. २००९ मध्ये तिच्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. कणाचा आकार सांभाळणं हे अभियांत्रिकीचं काम, तो कण त्वचेच्या पेशीला इजा करत नाही ना हे पाहणं पेशीविज्ञानाचं. इथे दोन्ही हात एकाच टेबलावर होते.

आणि हायड्रा. डॉ. सुरेंद्र घासकडबी यांच्या प्रयोगशाळेने हा तळ्यातला, काही मिलिमीटर लांबीचा जीव निवडला. याचे तुकडे करा, तुकड्यागणिक नवा हायड्रा उभा राहतो. शरीर जेमतेम दोन पेशीथरांचं. मूलपेशी सतत विभागत असतात, त्यामुळे म्हातारपण त्याला जवळपास शिवत नाही. डोकं कुठे उगवायचं आणि पाय कुठे, हे पेशींना कोण सांगतं? माणसाच्या भ्रूणात जे रासायनिक निरोप धावतात त्यांतले कितीतरी या इवल्या जिवातही आहेत, हे तिथल्या कामातून पुढे आलं. पुण्यात सापडलेल्या त्यांच्या हायड्राची ओळख २०११ मध्ये ‘हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे’ या नावाने शास्त्रीय वाङ्मयात नोंदली गेली.

एक गोष्ट मात्र कुणी ठरवून केलेली नसावी. हायड्रा आणि आघारकरांना सापडलेला नदीतला जेलीफिश हे दोघे प्राणिशास्त्राच्या वंशावळीत एकाच वर्गातले, हायड्रोझोआ. संस्थापकाने ज्या घराण्याचा एक सदस्य नदीतून उचलला, त्याच घराण्याचा दुसरा सदस्य जवळपास शंभर वर्षांनी त्याच्या संस्थेत काचेच्या वाडग्यात वाढत होता.

२०११ ते आज

आजच्या कामाचा पसारा मोठा आहे, सगळा इथे मावणार नाही. राष्ट्रीय कवक संवर्धन संग्रह इथे आहे. शैवालांतले काचेच्या कवचाचे डायटम, झेब्राफिश, फळमाशी, वनौषधी या सगळ्यांवर स्वतंत्र गट आहेत. २०२२ मध्ये झेब्राफिशच्या मणक्यांमधली झिजलेली चकती पुन्हा भरून आणायला मदत करणाऱ्या एका प्रथिनाचं काम प्रसिद्ध झालं. कंबर धरून बसलेल्या प्रत्येकाने त्या माशाचे आभार मानावेत, औषध यायला अवकाश असला तरी.

शेतीत ‘एमएसीएस ६४७८’ या गव्हाने सातारा जिल्ह्यातल्या करंजखोपच्या शेतकऱ्यांना हेक्टरी ४५ ते ६० क्विंटल उतारा दिला. आधी तो २५ ते ३० क्विंटल असे. कोरडवाहूसाठीचा ‘एमएसीएस ४०२८’ १०२ दिवसांत तयार होतो आणि त्यात प्रथिनं १४.७ टक्के आहेत. द्राक्षांत ‘कॅटाबा’ आणि ‘ब्यूटी सीडलेस’ यांच्या संकरातून ‘एआरआय-५१६’ हे बुरशीला दाद न देणारं, रसाचं वाण आलं. शेतातल्या काडीकचऱ्यापासून हायड्रोजन मिळवायचं तंत्र पुण्याच्याच सेंटिएंट लॅब्जबरोबर विकसित झालं. आणि भाताचा उल्लेख राहिला म्हणून रुसायला नको : पाण्याने भरलेल्या खाचरातून मिथेन वर येतो, आणि तो खाऊन जगणारा, काकडीच्या आकाराचा एक नवा जिवाणू डॉ. मोनाली रहाळकर यांच्या गटाने भातखाचरांतूनच वेगळा केला. त्याच्या नावातही काकडी आणि भात दोन्ही आहेत : ‘मिथिलोकुकुमिस ओरायझी’.

सह्याद्रीचे सडे आणि गवताळ माळ यांच्याकडे डॉ. मंदार दातार यांच्यासारख्या अभ्यासकांनी लक्ष वेधलं. ‘कातळ’ म्हणजे सरकारी कागदावर पडीक जमीन; प्रत्यक्षात आषाढ ते भाद्रपद तिथे फुलांचे गालिचे पसरतात. २०२४ मध्ये तळेगाव दाभाड्याच्या माळावरून ‘डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा’ ही नवी जात जाहीर झाली. ती वर्षातून दोनदा फुलते : एकदा पावसाळ्यानंतर आणि पुन्हा उन्हाळ्यात माळाला वणवा लागून गेल्यावर.

आमच्या दृष्टीने मात्र मानाचं पान वेगळंच. डॉ. रितेशकुमार चौधरी आणि सहकाऱ्यांनी गेंदाच्या, म्हणजे ‘एरिओकॉलॉन’च्या, दोन नव्या जाती शोधल्या. एक कर्नाटकातल्या कुमट्याची. दुसरी सिंधुदुर्गातली, तिची फुलांची डोकी अगदी बारकी म्हणून नाव ‘एरिओकॉलॉन पार्विसेफालम’. भारतात या गणाच्या सुमारे १११ जाती आहेत आणि बहुतेक एकमेकींसारख्या दिसतात.

मागच्या श्रावणात भिंग घेऊन मी घराजवळच्या सड्यावर गेलो होतो. पाणी साचलेल्या खळग्यांभोवती गेंदांची पांढरी बोंडं हजारोंनी होती. अर्धा तास ओणवा राहून चार निवडली, चारही सारखीच वाटली. तेवढ्यात समुद्रावरून सर आली आणि छत्री घरी राहिली होती.